कोड तपासणारा कॅमेरा चांगली कार्टनं फेकतोय. मर्यादा सैल करायची का?

पट्ट्यामागे | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, औषधांच्या पॅकिंग लाईनवर किंवा मशीन व्हिजनमध्ये (कॅमेऱ्याने तपासणी) काम केलेलं इथं कुणी असेल तर मदत हवी आहे.

आमची मांडणी अशी. कार्टनरमधून, म्हणजे कार्टन भरून बंद करणाऱ्या यंत्रातून, आलेलं कार्टन पट्ट्यावर येतं. इंकजेट कोडर त्याच्या बाजूच्या फ्लॅपवर डेटामॅट्रिक्स (काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कोड) छापतो आणि शेजारी चार ओळी: उत्पादन क्रमांक, सिरियल (प्रत्येक कार्टनाचा वेगळा क्रमांक), बॅच, मुदत. वीतभर पुढे कॅमेरा आहे. तो कोड वाचतो, चार ओळी वाचतो आणि दोन्ही एकमेकांशी आणि सर्व्हरने पाठवलेल्या माहितीशी जुळतात का ते बघतो. जुळलं नाही की हवेचा फटका आणि कार्टन कुलूपबंद पेटीत. पट्टा मिनिटाला ३० मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण २०० कार्टनं.

त्रास असा की शंभरात दोन-तीन कार्टनं बाहेर फेकली जातात. तासाला जवळजवळ तीनशे. पेटी उघडून बघितली की प्रत्येक कार्टन डोळ्यांना स्वच्छ दिसतं. मुदत दिसते, बॅच दिसते, कोडही दिसतो. शिफ्टमधल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, "कॅमेरा फार चिकित्सक लावलाय." अक्षरांचा किमान स्कोअर (अक्षर ओळखल्याची कॅमेऱ्याला किती खात्री, तो आकडा) ८० वरून ६० वर आणा, असं मला सांगितलं गेलंय. मला ते पटत नाही, पण नको म्हणायला हातात काही नाही. तुम्ही काय केलं असतं?

भिंगवाला | सोमवार, रात्री १०:२५

स्कोअरला हात लावू नका. निदान हा आठवडा तरी नाही.

मी चौदा वर्षं कॅमेरे बसवतोय. ही तक्रार घेऊन ज्या ज्या लाईनवर गेलो तिथं खरा दोष स्कोअरच्या आकड्यात क्वचितच सापडला. तो सापडला प्रकाशात, एक्स्पोजरमध्ये (शटर किती वेळ उघडं राहतं त्यात), छपाईत किंवा कार्टन सरळ न येण्यात. आकडा खाली आणला की दोष तिथंच राहतो, फक्त दिसेनासा होतो. आणि ६० वर आणलेला स्कोअर ३ ला ८ म्हणून पास करू लागला, तर मुदतीच्या जागी काय जाईल याचा विचार करा.

आधी एक काम. फेकलेल्या कार्टनांची चित्रं सिस्टिममध्ये साठत असतीलच. एका शिफ्टची सगळी काढा आणि स्वतः, हाताने, कारणाप्रमाणे वेगळी करा. कोड वाचता आला नाही, कोड वाचला पण अक्षरं पडली, चित्रच खराब आलं, कार्टन वाकडं होतं, असे ढीग. प्रत्येकापुढे वेळ लिहा. वेळ फार महत्त्वाची आहे.

आणि एवढं सांगा: एक्स्पोजर किती मायक्रोसेकंद ठेवलंय, दिवा कुठल्या प्रकारचा आहे, फ्लॅपवर वार्निश आहे का?

पट्ट्यामागे | सोमवार, रात्री १०:४८

एक्स्पोजर ३००. दिवा रिंग लाईट, लेन्सभोवती बसवलेला. वार्निश आहे, पण छपाईच्या जागी नसावं असं ड्रॉइंगमध्ये लिहिलंय. उद्यापासून चित्रं काढतो.

भिंगवाला | सोमवार, रात्री ११:०२

हिशोब करून बघा. मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर. ३०० मायक्रोसेकंद शटर उघडं असताना कार्टन ०.१५ मिलिमीटर पुढे सरकतं. डेटामॅट्रिक्सचा एक चौकोन ०.३८ मिलिमीटरच्या आसपास असतो, तो एवढं पुसणं सहन करतो. पण तुमच्या दोन मिलिमीटर उंचीच्या ८ मधली पोकळी केवढी असते? ती अर्धी भरून जाते. म्हणून कोड बरोबर वाचला जातो आणि अक्षरं पडतात. तुमच्या डोळ्यांना ते दिसणार नाही, कारण तुम्ही कार्टन थांबवून बघता.

एक्स्पोजर ६० वर आणलंत तर सरकणं ०.०३ मिलिमीटर उरेल. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.०५ मिलिमीटर धरला तर ते पिक्सेलच्या आतच राहिलं. मात्र उजेड एक पंचमांश होईल, म्हणजे दिवा स्ट्रोबवर, क्षणभराच्या जोरदार झोतावर, न्यावा लागेल. गेन, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं संकेत वाढवणं, वापरून उजेड आणू नका, चित्रात कण येतात आणि अक्षरं आणखी बिघडतात.

नवखी | मंगळवार, सकाळी ८:१५

मी या क्षेत्रात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तरी विचारते. कॅमेऱ्याने कोड वाचला म्हणजे कोड चांगला आहे, असंच ना? मग कोडची "ग्रेड" म्हणतात ती वेगळी कशाला?

शाईदौत | मंगळवार, सकाळी ९:३०

नवखी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर भिंगवाले नीट देतील. मी छपाईच्या बाजूचं बोलतो, कारण पट्ट्यामागेंनी कॅमेऱ्याबद्दल सगळं लिहिलं आणि कोडरबद्दल काहीच नाही.

कोडर थर्मल इंकजेट, म्हणजे शाई तापवून थेंब उडवणारा, असेल तर लाईन थांबल्यानंतरची पहिली काही कार्टनं काढून बघा. कार्ट्रिज उघडी राहिली की नोझलच्या, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या, तोंडाशी शाई सुकते. पाच-दहा मिनिटं थांबून लाईन सुरू झाली की पहिल्या दोन-चार कार्टनांवर छाप फिकी येते किंवा तिच्यात रेघा सुटतात, मग आपोआप सुधारते. ज्या शाया लवकर वाळतात, म्हणजे वार्निशवर टिकणाऱ्या, त्यांच्यात हे जास्त. थांबल्यावर कोडरला स्पिट करायला लावा, म्हणजे तो मधूनमधून शाईचे थेंब बाहेर टाकून नोझल ओलं ठेवतो. लांब थांबा असेल तर कार्ट्रिज पुसून टोपण लावा.

दुसरं, एखादं नोझल कायमचं बुजलं तर चित्रात एक बारीक पांढरी रेघ दिसते, कार्टन ज्या दिशेने जातं त्याच दिशेने, कोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती रेघ माणसाच्या डोळ्यांना सहज निसटते.

तिसरं, छापणारं हेड आणि फ्लॅप यांच्यातलं अंतर. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की थेंब भरकटतात आणि कडा केसाळ होतात. कार्टन फुगीर असेल, आत माहितीपत्रक जाड दुमडलं असेल तर फ्लॅप पोट काढतो आणि अंतर दर कार्टनला बदलतं. बाजूच्या गाईड पट्ट्या हाताने हलवून बघा, ढिल्या असतील.

भिंगवाला | मंगळवार, दुपारी १:१०

नवखी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. या सगळ्या कामाचं मर्म त्यातच आहे.

डेटामॅट्रिक्समध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय असते, रीड-सोलोमन नावाची. मूळ माहितीबरोबर जादा माहिती छापलेली असते, त्यामुळे काही चौकोन पुसले गेले तरी उरलेल्यांवरून मूळ मजकूर काढता येतो. समजा शाईचा एक पट्टा सुटलाय. कॅमेरा ती सगळी जादा माहिती खर्च करून कोड वाचतो आणि "पास" म्हणतो. बरोबरच म्हणतो. पण त्या कोडपाशी आता शिल्लक काही नाही. पुढे तेच कार्टन वाहतुकीच्या खोक्यात घासलं गेलं, त्यावर ओरखडा आला की ते वाचलं जाणार नाही.

ग्रेड म्हणजे ही शिल्लक मोजणं. आयएसओ १५४१५ या मानकात ती कशी मोजायची ते दिलंय: काळ्या-पांढऱ्यातला फरक किती, प्रत्येक चौकोन आपल्या रंगात किती ठाम, इंग्रजी एल अक्षरासारखी जाड कड आणि समोरची तुटक कड शाबूत आहे का, जाळी वाकडीतिकडी तर नाही, दुरुस्तीची किती क्षमता न वापरता उरली. प्रत्येकाला ४ ते ० गुण आणि त्यातला सर्वांत कमी तोच कोडचा गुण. सरासरी नाही. एक बाजू नापास झाली की कोड नापास. युरोपच्या नियमांत १.५ किंवा त्याहून वरचा गुण मिळाला की छपाईचा दर्जा पुरेसा मानला जातो.

अधिकृत ग्रेड काढायला ठरलेला प्रकाश, ठरलेला कोन आणि कॅलिब्रेट केलेलं व्हेरिफायर लागतं. लाईनवरचा कॅमेरा जो आकडा दाखवतो तो तुलनेपुरता. आज ३.२ होता, तासाभरात २.४ झाला, एवढं कळलं तरी पुष्कळ, कारण कार्टनं फेकली जाण्याआधीच कार्ट्रिज बदलता येते. माझा आग्रह असतो की ऑपरेटरच्या पडद्यावर पास-नापासच्या दिव्याशेजारी हा आलेख ठेवा.

तपासनीस | मंगळवार, रात्री ८:५५

मी गुणवत्ता विभागात आहे. एक अनुभव सांगते, कारण सगळी चर्चा "कॅमेऱ्याला काय दिसतं" यावर चाललीय आणि "दिसल्यावर पुढे काय होतं" ते राहून जातंय.

एका लाईनवर रोजची चॅलेंज टेस्ट चालू होती. मुद्दाम बिघडवलेली कार्टनं सोडायची: एकावर चुकीची मुदत, एकावर कोडच नाही, एकावर अर्धवट छाप, एकावर आधी वापरून झालेला सिरियल. सगळी पेटीत पडायला हवीत. पडायची. एके दिवशी बॅच मध्यावर असताना पेटीतली फेकलेली कार्टनं हँड स्कॅनरने वाचायला घेतली, तर एक कार्टन निघालं ज्याचा सिरियल सिस्टिममध्ये "पास" होता. म्हणजे चांगलं कार्टन आत आलं होतं. मग वाईट कुठं गेलं? ते पुढे गेलं होतं.

कारण असं निघालं. कॅमेऱ्याने नापास केलेलं कार्टन फटक्याच्या जागी कधी पोचेल हे एन्कोडरचे, म्हणजे पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या यंत्राचे, ठोके मोजून ठरतं. एन्कोडरचं रबरी चाक झिजून गुळगुळीत झालं होतं आणि पट्टा सुरू होताना क्षणभर घसरायचं. सॉफ्टवेअरच्या हिशोबाने एक कार्टन फटक्यासमोर होतं, प्रत्यक्षात दुसरंच होतं. आणि बारकाई बघा: नापास एक, पेटीत पडलेलं एक. बेरीज चोख जुळत होती. बेरीज बघून हे कधीच कळलं नसतं. सकाळची चॅलेंज टेस्टही पास, कारण ती लाईन एकसारख्या वेगात असताना घेतली होती. चाक घसरायचं ते थांबून सुरू होताना.

ती अख्खी बॅच पुन्हा स्कॅन केली. वाईट कार्टन शिपरमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या मोठ्या खोक्यात, सापडलं. कोरं होतं, छापच नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून तीन गोष्टी सोडत नाही. फटक्यानंतर थोडं पुढे एक साधा रीडर, तिथून नापास सिरियल किंवा न वाचलेलं कार्टन गेलं की लाईन बंद. पेटीतलं प्रत्येक कार्टन बॅच संपल्यावर वाचून सिस्टिमशी ताडायचं. आणि चॅलेंज टेस्ट सुरुवातीला, शेवटी आणि लांब थांब्यानंतर लाईन सुरू होतानाही.

पट्ट्यामागे, स्कोअर बदलायचाच झाला तर तो चेंज कंट्रोलमधूनच, म्हणजे लेखी मंजुरी घेऊनच. कुणी, कधी, का बदलला हे ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या बदलांच्या नोंदीत, राहायला हवं, आणि बदलल्यावर तीच चॅलेंज कार्टनं पुन्हा चालवायची. शिफ्टमध्ये कुणी पासवर्ड टाकून आकडा खाली-वर करत असेल तर आधी ते बंद करा.

औषधवाली | बुधवार, सकाळी ७:२०

मी फार्मासिस्ट. मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभी असते, म्हणून लिहावंसं वाटलं.

तुमचा कॅमेरा कोड एकाच कोनातून, ठरलेल्या उजेडात बघतो. माझ्याकडे हँड स्कॅनर असतो, वरचा दिवा कुठूनही पडतो आणि कार्टनावर आधीच कुणीतरी चिकटपट्टी लावलेली असते. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रुग्णाच्या हातात देण्याआधी कोड स्कॅन करून त्याचा सिरियल पडताळणी यंत्रणेतून रद्द करावा लागतो. कोड वाचला नाही तर क्रमांक हाताने टाकायचा. तेव्हा त्या चार ओळीच कामाला येतात, म्हणून अक्षरांची तपासणी सैल करू नका असं माझंही म्हणणं. वीस अक्षरी सिरियलमधलं शून्य आहे की इंग्रजी ओ, हे घाईत ओळखता येत नाही. सिरियल बनवतानाच अशी जोडीची अक्षरं वगळली तर तुमच्या कॅमेऱ्याचंही काम सोपं होईल.

आणखी एक. आमच्याकडे स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असतो. कॅप्स लॉक दाबलेलं राहिलं किंवा कीबोर्डची भाषा वेगळी असली तर मोठी-छोटी अक्षरं उलटतात, काहींची अदलाबदल होते आणि अस्सल औषधावर "हा सिरियल अस्तित्वात नाही" असा इशारा येतो. तेव्हा पॅकवर कोड चांगला असूनही दोष छपाईला दिला जातो. तुमच्याकडे तक्रार आली तर आधी हे विचारून घ्या.

सांकेतिक | बुधवार, सकाळी ११:४५

औषधवालींच्या मुद्द्याला जोडून. कॅमेरा काय पकडू शकत नाही, तेही लक्षात असू द्या.

जीएस१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत कोडच्या आत प्रत्येक माहितीआधी तिचा ओळखक्रमांक असतो. ०१ म्हणजे उत्पादन क्रमांक, पुढे नेमके १४ अंक. १७ म्हणजे मुदत, नेमके ६ अंक. १० म्हणजे बॅच आणि २१ म्हणजे सिरियल, पण या दोन्हींची लांबी ठरलेली नाही, जास्तीत जास्त २० अक्षरं एवढीच मर्यादा. म्हणून बॅचनंतर दुसरं काही येणार असेल तर मध्ये एक विभाजक चिन्ह लागतं. ते छापील ओळींत दिसत नाही, फक्त कोडच्या पोटात असतं.

आता समजा बॅच ४७११ आणि सिरियल ९०२५३, आणि टेम्प्लेट, म्हणजे कोडचा साचा, बनवणारा विभाजक विसरला. कोडमध्ये जातं १०४७११२१९०२५३. वाचणारा १० बघतो, पुढचं सगळं बॅच समजतो. बॅच झाली ४७११२१९०२५३ आणि सिरियल गायब. लाईनवरचा कॅमेरा मात्र प्रत्येक कार्टनाला पास म्हणेल, कारण सर्व्हरने जी अक्षरांची माळ पाठवली तीच छापली गेली. कॅमेरा फक्त "पाठवलं तेच छापलं का" बघतो. पाठवलं तेच चुकीचं असेल तर तो लाखभर कार्टनं निमूट पुढे जाऊ देतो.

म्हणून प्रत्येक नव्या उत्पादनाचं पहिलं कार्टन लाईनशी संबंध नसलेल्या वेगळ्या उपकरणाने वाचा आणि प्रत्येक भाग सुटा करून आर्टवर्कशी, म्हणजे कार्टनाच्या मंजूर नमुन्याशी, ताडा. मुदतीतही हीच गफलत होते: दिवसाच्या जागी ०० असेल तर अर्थ महिन्याचा शेवटचा दिवस, आणि छापील ओळीत नुसता महिना-वर्ष. या दोन्हींना एकच मानायचं हे सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

मॉडेलकार | बुधवार, रात्री ९:१०

ही सगळी कसरत करण्यापेक्षा अक्षरांसाठी डीप लर्निंग मॉडेल का लावत नाही? केसाळ कडा, फिकी शाई, थोडं पुसलेलं, सगळं वाचतं. जुन्या पद्धतीच्या ओसीआरपेक्षा (अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा) फेकण्याचं प्रमाण नक्की कमी होईल.

भिंगवाला | बुधवार, रात्री ९:५०

वाचतं, हे खरं. मीही वापरतो, ठिपक्यांच्या छपाईवर तर फार उपयोगी. पण दोन अटींवर. एक, मॉडेल शिकवून झाल्यावर कुलूपबंद. लाईनवर चालता चालता स्वतः शिकत राहणारं मॉडेल इथं नको. आज ज्या कार्टनाला नापास म्हटलं त्याला उद्या पास म्हटलं तर व्हॅलिडेशन, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते याची खात्री, कशाची केली? दोन, त्याला चांगल्या चित्रांइतकीच वाईट चित्रं दाखवायची आणि परीक्षेची चित्रं शिकवणीत कधीच वापरायची नाहीत.

आणि माझी खरी काळजी वेगळी आहे. फार समजूतदार वाचक फिकी छपाई खपवून घेतो. औषधवालींच्या हातातल्या स्कॅनरमध्ये ते मॉडेल नाही.

मॉडेलकार | बुधवार, रात्री १०:०५

हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य.

पट्ट्यामागे | रविवार, संध्याकाळी ५:३०

उशीर झाला, पण ढीग करून आणलेत. एका शिफ्टमध्ये फेकलेल्या कार्टनांपैकी २१२ ची चित्रं काढली, दोन संध्याकाळी बसून एकेक बघितली.

११८ चित्रांत कोड वाचलेला, अक्षरं पडलेली. त्यांचे सिरियल एकाखाली एक लिहिले तेव्हा दिसलं, ८, ३ आणि ६ खच्चून भरलेत. मोठं करून बघितलं तर ८ ची भोकं डावी-उजवीकडून बुजलेली. भिंगवाल्यांचे ०.१५ मिलिमीटर डोळ्यांसमोर होते.

५४ चित्रांत कोडवर पांढरा चट्टा, रिंग लाईटचं प्रतिबिंब. ही सगळी एकाच शिपरमधून आलेल्या कार्टनांची. कोरी कार्टनं तिरपी धरून उजेडात बघितली तेव्हा कळलं, त्या गठ्ठ्यात वार्निश दीड-दोन मिलिमीटर आत सरकलंय, छपाईच्या जागेवर. ड्रॉइंगमध्ये जागा मोकळी आहे, कार्टनावर नाही.

२९ चित्रं लाईन थांबून सुरू झाल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातली. शाईदौत, तुमचं तंतोतंत खरं निघालं. वेळ लिहिली नसती तर हे कळलंच नसतं.

उरली ११. ही मी पुन्हा पुन्हा बघितली. सगळ्यांत कोडच्या खालच्या जाड कडेतून एक पांढरी रेघ, केसाएवढी. कार्टनं पेटीतून काढून टेबलावर ठेवली आणि शिफ्टमधल्या चौघांना दाखवली. चौघंही म्हणाले, चांगली आहेत. व्हेरिफायरवर एक लावलं, गुण आला ०. आम्ही ज्यांना "कॅमेऱ्याचा चिकित्सकपणा" म्हणत होतो त्यातली ही अकरा खरोखर वाईट होती, आणि स्कोअरबरोबर कोडची मर्यादाही सैल केली असती तर सगळी बाजारात गेली असती.

आता बदल चेंज कंट्रोलमधून चाललेत. एक्स्पोजर ६०, रिंग लाईट काढून स्ट्रोबवरचा डोम लाईट (सगळीकडून मऊ उजेड देणारा), कोडरला दर थांब्याला स्पिट. वार्निश सरकलेली कार्टनं परत पाठवली आणि आवक तपासणीत ती जागा मोजायची नोंद घातली. शुक्रवारी चाचणी म्हणून दोन तास चालवलं, १३ कार्टनं फेकली गेली. आधी तेवढ्यात सहाशे व्हायची. स्कोअर ८० च आहे.

तपासनीस, तुमचं वाचून एन्कोडरचं चाक हाताने फिरवून बघितलं. पट्ट्याला नीट टेकत नाहीये, स्प्रिंग ढिली आहे. उद्या लाईन सुरू करायच्या आधी बदलतोय. फटक्यापुढच्या रीडरसाठी जागा मोजली, फटक्यापासून ४० सेंटिमीटरवर बसतोय. एवढं अंतर पुरेल का, की वाईट कार्टन निसटल्यावर लाईन थांबेपर्यंत ते शिपरमध्ये जाईल?

तपासनीस | रविवार, संध्याकाळी ६:१२

पट्टा सेकंदाला अर्धा मीटर आहे, म्हणजे बंद म्हटल्यावर तो किती सेंटिमीटर पुढे जाऊन थांबतो ते प्रत्यक्ष मोजा, कागदावरचा आकडा धरू नका. भरलेल्या पट्ट्यावर, पूर्ण वेगात, दहा वेळा, आणि त्यातला सर्वांत लांब थांबा धरा. महत्त्वाचं अंतर फटक्यापासून रीडरपर्यंतचं नाही, रीडरपासून शिपर भरण्याच्या जागेपर्यंतचं आहे. ते त्या थांब्यापेक्षा किमान दोन कार्टनांनी जास्त हवं. कमी पडत असेल तर रीडर फटक्याच्या जवळ सरकवा. अकरापैकी एक कार्टन चॅलेंज संचात ठेवून द्या, त्याचा सिरियल आधी रद्द करून.